‘तीन गाणी सांग बघू’ म्हणण्याऐवजी तीन गाणी सांगा

आमच्या आठवडी बाजारात ‘निर्वाणा’चा टी-शर्ट मिळतो. काळा रंग, पिवळा हसरा चेहरा, डोळ्यांच्या जागी फुल्या. शेजारच्याच ढिगात ‘रामोन्स’चा गोल शिक्का असलेलाही सापडतो. हे घालून फिरणारी पोरं-पोरी आता तालुक्याच्या गावातही रोज दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांना हे बँडचं नाव आहे हेच माहीत नसतं. काहींना असतं. आणि काहींना ते माहीत करून घ्यायचं असतं. ही पोस्ट त्या तिसऱ्या गटाबद्दल आहे, आणि त्यांच्याशी आपण कसे वागतो त्याबद्दल.

असं एखादं पोरगं शिकायला पुण्या-मुंबईला जातं. तिथं हॉस्टेलवर किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या रांगेत त्याला कुणीतरी जाणकार भेटतो. जाणकाराची नजर टी-शर्टवर जाते आणि पहिला प्रश्न ठरलेला: “निर्वाणा ऐकतोस? तीन गाणी सांग बघू. ते सगळ्यांना माहीत असलेलं सोडून.” पोरगं गडबडतं. आजूबाजूचे हसतात. त्यानंतर ते पोरगं तो टी-शर्ट खोलीत झोपताना घालतं, बाहेर नाही. आणि पुन्हा कुणालाही विचारत नाही की हे संगीत नेमकं काय आहे, कुठून सुरू करू.

माझं म्हणणं साधं आहे. पंक आणि ऑल्टरनेटिव्ह म्हणवणाऱ्या संगीताच्या दारात उभं राहून असली परीक्षा घेणं हा त्या संगीताशीच केलेला दगा आहे. कारण ते संगीत परीक्षा घेऊन पसरलं नाही. कुणीतरी कुणालातरी प्रेमानं सांगितलं म्हणून पसरलं.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पंक म्हणजे 1970 च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडनमधून उसळलेलं रॉक संगीत. गाणी छोटी, दोन-अडीच मिनिटांची. वेग जास्त, वाजवणं सोपं, बोलणं थेट. मोठ्या बँडचं दहा-दहा मिनिटांचं गिटारकाम आणि लाखोंचा तामझाम ह्याला कंटाळलेल्या पोरांनी ते सुरू केलं. ‘रामोन्स’चा पहिला अल्बम 1976 चा. त्यात 14 गाणी आहेत आणि सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. पुढे ह्याच विचारातून, पण वेगवेगळ्या चालींनी, मोठ्या कंपन्यांच्या बाहेर जे उगवलं त्याला ढोबळमानानं ऑल्टरनेटिव्ह म्हणू लागले.

आता ज्याचा टी-शर्ट घातला म्हणून परीक्षा होते, त्या ‘निर्वाणा’चीच गोष्ट बघा.

कर्ट कोबेन न्यूयॉर्कचा नव्हता. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात अ‍ॅबरडीन नावाचं लाकूडतोडीवर जगणारं गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या नगरपरिषदेच्या गावापेक्षा मोठं नाही. शेजारी माँटेसानो नावाचं आणखी छोटं गाव. तिथं बझ ऑसबोर्न नावाचा कर्टहून थोडा मोठा पोरगा होता, त्याचा ‘मेल्विन्स’ नावाचा बँड होता. ह्या बझनं कर्टला पंक गाण्यांच्या कॅसेट भरून दिल्या. त्यात ‘ब्लॅक फ्लॅग’, ‘फ्लिपर’ असले बँड होते. 1983 च्या सुमारास एका किराणा सुपरमार्केटच्या मागच्या मोकळ्या जागेत ‘मेल्विन्स’ फुकट वाजवत होते, ते कर्टनं पाहिलं. आपल्याला जे हवं होतं ते हेच, असं त्याला तिथं वाटलं.

बझनं त्याला विचारलं असतं की “ब्लॅक फ्लॅगची तीन गाणी सांग,” तर? पोरगं घरी गेलं असतं. गोष्ट संपली असती. ‘निर्वाणा’ला डेव्ह ग्रोल हा ड्रमर मिळाला तोही ह्याच बझनं 1990 मध्ये गाठ घालून दिली म्हणून. आणि त्या ग्रोलला पंक कुणी दाखवलं? घरोब्यातल्या, बहीण मानलेल्या एका मोठ्या मुलीनं. तो 13 वर्षांचा असताना ती त्याला शिकागोत एका कार्यक्रमाला घेऊन गेली. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या ऑल्टरनेटिव्ह बँडच्या मुळाशी एक दादा आहे आणि एक ताई आहे. दोघांनीही धाकट्याला हाताला धरून नेलं.

पुढे कर्टनं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. सप्टेंबर 1991 मध्ये ‘नेव्हरमाइंड’ आला आणि जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेच्या यादीत मायकेल जॅक्सनला मागे टाकून पहिल्या नंबरावर गेला. एवढं नाव झाल्यावर हा माणूस स्वतःचा उदोउदो करायचं सोडून दुसऱ्यांची नावं सांगत सुटला. डॅनिएल जॉन्स्टन हा घरच्या टेपरेकॉर्डरवर गाणी करणारा, मानसिक आजाराशी झगडणारा गायक. कर्ट त्याच्या कॅसेटचं चित्र असलेला टी-शर्ट घालून जगासमोर वावरला. ‘रेनकोट्स’ हा लंडनच्या बायकांचा बँड तोवर विस्मरणात गेलेला. त्यांची रेकॉर्ड शोधत तो लंडनमध्ये फिरला, आणि त्या बँडमधली अ‍ॅना दा सिल्व्हा त्याला भेटली ती जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करताना. कर्टनं लावून धरलं म्हणून त्यांचे अल्बम पुन्हा निघाले. नोव्हेंबर 1993 मध्ये एमटीव्हीवरच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात वाहिनीला बड्या नावांचे पाहुणे हवे होते. ह्यानं बोलावले ‘मीट पपेट्स’चे दोघे भाऊ आणि त्यांची तीन गाणी त्यांच्यासोबत वाजवली. बझनं एका पोराला कॅसेट भरून दिली होती. त्या पोरानं अख्ख्या जगाला भरून दिली.

ही सांगण्याची परंपरा फक्त अमेरिकेची नाही. लंडनमध्ये मार्क पेरी नावाचा बँकेतला कारकून होता, 19 वर्षांचा. ‘रामोन्स’ ऐकून इतका पेटला की जुलै 1976 मध्ये त्यानं टाइपरायटर आणि फोटोकॉपीवर ‘स्निफिन ग्लू’ नावाचं मासिक काढलं. पहिल्या अंकाच्या जेमतेम 50 प्रती. वर्षभरात तो खप हजारांत गेला. तेव्हा त्यानं वाचकांना सांगितलं की माझंच वाचत बसू नका, तुमचं तुम्ही काढा. 1977 च्या सुरुवातीला तसल्याच दुसऱ्या एका मासिकानं गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या आणि खाली सांगून टाकलं की एवढ्यावर बँड काढता येतो. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’नी जानेवारी 1977 मध्ये घरच्यांकडून, ओळखीच्यांकडून पैसे उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड काढली. 1978 मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ ह्या बँडनं तर रेकॉर्डच्या वेष्टनावर खर्चाचा हिशेबच छापला. रेकॉर्डिंगला किती, छपाईला किती. कशासाठी? वाचणाऱ्याला कळावं की हे आपल्यालाही परवडेल.

मराठी वाचकाला ह्यात काहीच परकं वाटायला नको. पन्नाशीच्या दशकात चित्रे, कोलटकर मंडळींनी चक्रमुद्रित करून ‘शब्द’ काढलं, आणि साठीच्या दशकात लघुअनियतकालिकांची लाटच आली. प्रकाशक दार उघडत नाही ना, मग आपणच छापू, आणि चार माणसांच्या हातात देऊ. लंडनच्या पोरांनी जे 1976 साली केलं ते गिरगावात आणि दादरला त्याआधीच चालू होतं. ज्या समाजाला हे कळतं त्याला नवख्याला हसणं शोभत नाही.

आता दुसरी बाजू. जाणकारांचं म्हणणं अगदीच फालतू आहे असं मी म्हणणार नाही. त्यांची भीती खरी आहे. छोट्या जागेत, आपल्या माणसांत जपलेली गोष्ट एक दिवस बाजारात जाते. कपड्याची कंपनी तिचा शिक्का करते. ज्या मुद्द्यासाठी गाणं लिहिलं तो मुद्दा गळून पडतो आणि टी-शर्ट उरतो. कर्टलाही ह्याचाच त्रास झाला. ज्या दांडगट पोरांनी त्याला शाळेत छळलं त्यांच्यासारखीच पोरं आता त्याच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत नाचत होती. तेव्हा ‘कोण आत येतंय’ हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. दारात कुणीतरी उभं असावं हे मलाही मान्य आहे.

पण दारात विचारायचं काय, इथं माझा वाद आहे.

ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांनी दारात काय विचारलं ते बघा. कर्टनं 1992 च्या ‘इन्सेस्टिसाइड’ अल्बमसोबत चाहत्यांना उद्देशून मजकूर छापला. त्याचा मथितार्थ असा की तुम्ही वर्णद्वेष्टे असाल, बायकांना किंवा समलिंगी लोकांना कमी लेखत असाल, तर आमच्याकडे येऊ नका. आमची किती गाणी पाठ आहेत, असं त्यानं कुठंही विचारलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेड केनेडीज’नी 1981 मध्ये नवनाझी पोरांना हाकलून लावणारं गाणंच काढलं. कॅथलीन हॅना आणि तिचा ‘बिकिनी किल’ हा बँड नव्वदीच्या सुरुवातीला कार्यक्रम सुरू झाला की मुलींना पुढे बोलावून घ्यायचा आणि पोरांना मागे सरकायला सांगायचा. कारण पुढच्या रांगेतल्या धक्काबुक्कीत मुली कोपऱ्यात ढकलल्या जायच्या. वॉशिंग्टन डीसीचा ‘फुगाझी’ हा बँड तिकीट शक्यतो पाच डॉलरच ठेवायचा, कोणत्याही वयाच्या माणसाला आत घ्यायचा. आणि कुणी दुसऱ्याला मारहाण करताना दिसला तर गाणं थांबवून त्याला पाच डॉलर परत देऊन बाहेर काढायचा.

रखवालदारी होतीच की. कडक होती. पण तो प्रश्न वागण्याचा होता: शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी तू कसा वागणार? तुला किती माहीत आहे, हा प्रश्न नव्हता. आपण नेमकं उलटं केलंय. ज्याला शंभर बँडची नावं येतात तो पोरींशी कसाही वागला तरी आत, आणि ज्याला एकच गाणं येतं तो बाहेर.

मागे आमच्या कार्यालयात उमेदवारीला आलेल्या एका मुलीनं सांगितलेलं. शहरात एका बँडच्या कार्यक्रमाला ती एकटी गेली. तिला तिथल्या दोघांनी विचारलं, “कुणासोबत आलीयस? बॉयफ्रेंडला आवडतं का हे?” तिला त्या बँडची सगळी गाणी येत होती. पण नसती आली, तरी काय बिघडत होतं?

ह्यात आपल्या देशाचाही संबंध आहे. सत्तरीच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये ‘नॅशनल फ्रंट’ नावाचा वर्णद्वेष्टा पक्ष जोरात होता, आणि त्यांच्या निशाण्यावर भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीजमधून तिकडे गेलेली कामगार कुटुंबं होती. त्याविरुद्ध 1976 मध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात त्यांनी भरवलेल्या कार्यक्रमाला हजारोंचा लोंढा आला. ‘क्लॅश’ वाजवून गेले, बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीय पोरांचा ‘स्टील पल्स’ होता, ‘एक्स-रे स्पेक्स’ होते. त्या बँडची गायिका पॉली स्टायरीन ही सोमाली बापाची आणि गोऱ्या आईची लेक, दाताला तारा लावून गाणारी. आलेल्या गर्दीत कितीतरी जण पहिल्यांदाच पंक ऐकत असतील. त्या दिवशी दारात गाण्यांची परीक्षा घेतली असती तर मैदान रिकामं राहिलं असतं, आणि फायदा कुणाचा झाला असता ते सांगायला नको.

भारतातही हे संगीत सांगण्यातूनच फिरलं. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचं मासिक 1993 मध्ये निघालं, ते मुंबई-दिल्लीतून नाही. अलाहाबादहून. अमित सैगल ह्यांनी ते काढलं. त्या शहरात बसून एक माणूस देशभरातल्या पोरांना सांगत होता की शिलाँगमध्ये काय चाललंय, बंगळुरात कोण वाजवतंय. मला स्वतःला ‘क्लॅश’ कळला तो डिप्लोमा करताना, शिलाँगहून आलेल्या खोलीतल्या सोबत्यामुळे. माझं इंग्रजी तेव्हा बेताचंच. गाण्यातले उच्चार तर अजिबात कळायचे नाहीत. त्यानं वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून दिले, कुठला शब्द लंडनच्या कुठल्या भानगडीबद्दल आहे ते सांगितलं, आणि मग म्हणाला, आता ऐक. त्यानं मला एकदाही विचारलं नाही की तू आधी काय ऐकायचास. मीच आपणहून सांगितलं, की आमच्याकडे भीमजयंतीला रात्रभर गायन पार्टीची गाणी चालतात. तर तो म्हणाला, मग तुला हे कळेलच.

आणि कळलं. कारण ज्यानं जलसा ऐकलाय, मोर्चात डफावर म्हटलेली गाणी ऐकलीत, त्याला गाण्यातून सरकारला जाब विचारणं नवीन नसतं.

इथं खरा मुद्दा येतो. आपल्याकडे ह्या संगीताच्या दारात नुसता संगीताचा रखवालदार नसतो. त्याच्या मागे इंग्रजी उभं असतं, शहर उभं असतं, कॉन्व्हेंट उभं असतं, आणि आडनावही उभं असतं. “तीन गाणी सांग” ह्यात “तू कुठला?” हा प्रश्न लपलेला असतो. विचारणाऱ्याला तो कळत नाही, पण ज्याला विचारलं त्याला बरोब्बर कळतो. हेच शास्त्रीय संगीताच्या मैफलीत होतं. “राग ओळखता येतो का?” हेच साहित्यसंमेलनाच्या मांडवाबाहेर होतं, “अमुक वाचलं नाहीस?” चळवळीतसुद्धा नव्या कार्यकर्त्याला आधी पुस्तकांची यादी विचारतात. आणि वर हेच लोक भाषण करतात, तरुण पिढी येत नाही म्हणून. अहो, आलं होतं पोरगं. तुम्हीच परत पाठवलंत.

कुणी म्हणेल, आता विचारायची गरजच काय? 2016 पासून डेटा स्वस्त झाला, सगळं फोनवर आहे. आहे ना. एका बोटावर कोट्यवधी गाणी आहेत. पण अ‍ॅप काय करतं? काल जे ऐकलं त्याच्यासारखंच आज पुढे करतं. हे गाणं कुणी, कुठल्या गावात, कशावर चिडून लिहिलं, ते सांगत नाही. ‘झिंगाट’वरून ‘बझकॉक्स’पर्यंतची वाट ते काढून देत नाही, कारण त्यासाठी समोरचं पोरगं कोण आहे ते माहीत लागतं. गाणं स्वस्त झालं, सांगणारा मात्र मिळेनासा झाला.

म्हणून ज्यांना ह्यातलं कळतं त्यांना हात जोडून काही सांगणं.

एक, समोरच्याला आधी काय आवडतं ते विचारा आणि तिथून वाट काढा. हिंदी सिनेमाच्या प्रेमगीतांवर वाढलेल्याला ‘बझकॉक्स’चा ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ द्या. वेग पंकचा, पण दुखणं तेच, प्रेमाचं. मोर्चाची गाणी आवडणाऱ्याला ‘क्लॅश’चा 1979 चा ‘लंडन कॉलिंग’. त्यात रेगेही आहे, जुनं रॉक-अँड-रोलही आहे, कानाला एकदम झटका बसत नाही. हलगीच्या कडकडाटावर पाय थिरकणाऱ्याला ‘रामोन्स’. जाहिराती, ब्रँड, प्लास्टिक ह्याचा वीट आलेल्या मुलीला ‘एक्स-रे स्पेक्स’चा 1978 चा अल्बम. शांत सुरुवात आणि मग एकदम स्फोट, हे ‘निर्वाणा’त आवडलं असेल तर ‘पिक्सीज’चा ‘डूलिटल’, 1989 चा. ते तंत्र त्यांच्याकडून उचललं हे कर्टनंच कबूल केलंय. आणि हे फक्त गोऱ्यांचं संगीत आहे असं कुणाला वाटत असेल तर वॉशिंग्टन डीसीच्या कृष्णवर्णीय पोरांचा ‘बॅड ब्रेन्स’. त्यांच्याइतका वेग भल्याभल्यांना जमला नाही.

दोन, चाळीस अल्बमची यादी फेकू नका. ती मदत नसते, ते आपल्या कपाटाचं प्रदर्शन असतं. तीन गाणी द्या. तीनच. पुढची पोरगं मागेल तेव्हा.

तीन, शब्द समजावून सांगा. मराठीत सांगा. इंग्रजी येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. अर्थ कळला की आरडाओरडा वाटणारं गाणं माणसाचं वाटायला लागतं.

चार, त्याला नाही आवडलं तर नाही आवडलं. “तुला समजलंच नाही” म्हणू नका. मला स्वतःला काही फार नावाजलेले अल्बम आजही सहन होत नाहीत. त्यानं ना माझं काही बिघडलं ना त्यांचं.

पाच, दारात उभंच राहायचं असेल तर वागण्यासाठी उभे राहा. मुलीला धक्का मारणारा, कुणाच्या जातीवर, रंगावर, बोलीवर हसणारा आत येता कामा नये. त्याला शंभर अल्बम पाठ असले तरी.

आणि नव्यानं ऐकणाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगतो. टी-शर्ट बिनधास्त घाला. कुणी परीक्षा घेतली तर सरळ म्हणा, “नाही येत, तुम्ही सांगा की.” समोरच्याला खरंच गाण्याची ओढ असेल तर तो खुर्ची ओढून बसेल आणि तासभर बोलेल. नसेल, तर त्याच्याकडून तुम्हाला तसंही काही मिळणार नव्हतं. आणि उद्या तुम्हाला चार गोष्टी कळायला लागल्या की तुमच्या मागून येणाऱ्याला त्या सांगा.

पुढच्या रविवारी आमच्याकडे दोन पोरं येणार आहेत, आयटीआयमध्ये शिकणारी. एकाला ड्रम शिकायचाय, घरी वाजवायला पत्र्याचा डबा आहे. त्यांच्यासाठी तीन गाणी काढून ठेवलीत, अर्थ वहीत लिहून ठेवलाय. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर तुम्हीही एवढं करा. ह्याला ना पैसे लागतात, ना सभागृह लागतं.